पडीक

मला साखर नाही. म्हणजे मधुमेह. गेली पंधरा-सोळा वर्षं मी सगळ्यांना तो आहे असं सांगत आलो. चहा बिनसाखरेचा घेतो, लग्नाच्या पंगतीत पानातलं गोड आधी बाजूला सारतो, आणि बायको रोज सकाळी कारल्याचा रस काढून देते तो नाक न मुरडता पितो. रक्त तपासून घ्या म्हणून मुलगा मागं लागला की त्याला आज-उद्या करत राहतो. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती हे वाचेल तेव्हा आधी रसाच्या भांड्याकडं बघेल की माझ्याकडं, मला माहीत नाही.

मला फक्त सीताफळ खायचं नव्हतं. त्या एका नकारासाठी एवढा आजार अंगावर घेतला.

आश्विन लागला की आमच्या डोंगराला वास सुटतो. पिकल्या सीताफळाचा वास आधी गोड असतो, उन्हं चढतील तसा किंचित आंबूस होतो, आणि तिसऱ्या प्रहरी तर अंगातल्या कपड्यांनाही येतो. रस्त्याच्या कडेला पाटीत पाला अंथरून बाया बसतात. फळाचा डोळा उघडला की ते उतरवायचं, म्हणजे खवल्यांच्या मधल्या रेघा पांढरट पिवळ्या दिसायला लागल्या की. डोळा उघडायच्या आधी तोडलं तर फळ काळं पडतं, पिकत नाही. तुळजापूरहून ज्योत घेऊन निघालेली पोरं पळता पळता थांबतात, दोन फळं फोडतात, बिया थुंकत पुढं जातात. माणसं अनवाणी चालत येत असतात. हवेत धूळ असते, पण ती उन्हाळ्यासारखी रागीट नसते. या महिन्यात मला घरात बसवत नाही आणि डोंगरावरही जाववत नाही. तरी जावं लागतं, कारण पाहुणे येतात. कॉलेजची मुलं, साहेब लोक, दुसऱ्या गावांचे सरपंच. ‘बोडक्या डोंगराचं नंदनवन’ दाखवायला मीच पुढं असतो. शेवटी शाल, नारळ आणि वाटीभर सीताफळाची रबडी.

“मला साखर आहे,” मी म्हणतो. लोक हळहळतात.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी शाळेत होतो. त्या उन्हाळ्यातलं मला रंगापेक्षा आवाजानं जास्त आठवतं. निम्मं गाव खडी फोडायच्या कामावर होतं, आणि सकाळपासून हातोड्यांचा तो कोरडा टकटकाट गावात ऐकू यायचा. जेवायच्या सुट्टीत तो थांबला की कान दुखायचे. डोंगरावर तेव्हा झाड जवळजवळ नव्हतंच. पाऊस पडलाच तर लाल पाणी घेऊन डोंगर खाली यायचा, आणि माती जाऊन दगड तेवढे मागं राहायचे.

सात-आठ वर्षांनी मी बी. ए. होऊन गावी परत आलो. नोकरी नव्हती, पण डोकं तापलेलं होतं. आम्ही दहा-बाराजण होतो. अण्णा आमचे म्होरके, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, सरळ माणूस. डोंगराच्या उताराला आडवे ताल घालायचे, दगडमातीच्या त्या रांगांनी पाणी थोपवायचं, मग झाडं लावायची, असं ठरलं. दर सोमवारी श्रमदान. जात घरी ठेवून यायचं. पाण्याचा एकच माठ, एकच तांब्या. आणि कुणी कुणाला नुसत्या नावानं हाक मारायची नाही, नात्यानंच मारायची. हा नियम माझा. माझं अक्षर चांगलं म्हणून मला आमच्या वृक्ष संस्थेचा सचिव केलेलं होतं, आणि नियम लिहायची मला हौस होती.

त्या नियमानं चांगुणाबाई माझी मावशी झाली.

ती खालच्या अंगाला विहारामागं राहायची. नवरा खडीच्या कामावरच छातीत कळ येऊन गेला होता. दगडाचं सगळं कसब ती त्याच्याकडून शिकली होती. घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याला कायम ताजं फूल, आणि पदरात एक मुलगी, संगीता. डोंगरउतारावरच्या गायरानातला, म्हणजे गावाच्या चराऊ रानातला अडीच एकरांचा एक तुकडा तिच्या नवऱ्यानं दुष्काळाच्या कितीतरी आधी दगड वेचून मोकळा केला होता. ज्वारी, तूर, कडेनं करडई. कागदावर नाव नव्हतं. त्या वर्षांत आमच्या भागात गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची नावं जमिनीला लागावीत म्हणून मोर्चे निघत होते. चांगुणामावशी प्रत्येक मोर्चाला जायची आणि दुसऱ्या दिवशी पाय सुजलेले असले तरी श्रमदानाला हजर असायची.

पहिल्या सोमवारी मी रचलेला दगड घरंगळत खाली गेला. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

“कॉलेजात दगूड शिकवत न्हाईत वाटतं?”

सगळे हसले. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

“हिकडं बगा, दादा. दगडाला तोंड असतंय, पाठ असती. लांबडं अंग आत घालायचं. भाईर नुसतं तोंड दिसू द्यायचं. समदंच भाईर ठिवलं की टिकत न्हाय दगूड. माणसावानीच हाय त्याचं.”

समदंच आत ठेवलेला माणूस टिकतो का, हे तिला विचारायचं राहिलं.

मी तिला पहिल्यांदा मावशी म्हणालो तेव्हा तिनं चिमटा काढलाच. “तोंडानं मावशी म्हणायला काय जातंय? मावशीच्या घरचा च्या घेताव का?” मी घेतला. काळा, गुळाचा. कपाची कड उडालेली. घरी येऊन आईला मुद्दाम सांगितलं, मोठ्यानं, वडिलांना ऐकू जाईल असं. त्या चहाचा मला किती अभिमान होता! आज वाटतं, चहा तिनं पाजला होता आणि उपकार मी केले असं मीच धरून चाललो होतो.

दोन-तीन महिन्यांत तिचं ‘दादा, तुमी’ गळून पडलं. “आरं, चिपा भर की त्या फटीत, नुसता उभा काय ऱ्हातूस!” असं ती ओरडली त्या दिवशी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मोठ्या दगडांच्या मधे बारीक चिपा ठोकून बसवायच्या, त्याशिवाय ताल उभा राहत नाही. मला वाटलं, मीही कुठंतरी बसलो. पुढं बक्षिसं खूप मिळाली. त्या ‘तूस’ एवढं मोठं काही मिळालं नाही.

पाण्याबद्दल ती बोलायची ते पाहुण्याबद्दल बोलल्यासारखं. आम्ही पाणी अडवायच्या गोष्टी करायचो. ती म्हणायची, “आडवू नगा रं त्याला. बसवा. आडवलेलं पाणी रागानं जातंय, बसवलेलं ऱ्हातंय.” तिनं घातलेल्या तालात कडेला सांडव्याची, जादा पाणी सोडायची जागा नेमकी असायची. आमचे दोन ताल पहिल्याच वळवाला फुटले. तिचा एकही नाही.

तिच्या तुकड्याच्या बांधावर एक जुनं सीताफळ होतं. डोंगरावर तेवढं एकच. शेळ्या त्याचा पाला खात नाहीत आणि पाणी लागत नाही, म्हणून लावायचं तर हेच लावू, असं तीच म्हणाली. त्या आश्विनात तिनं सगळी फळं उतरवून शाळेच्या अंगणात आणली. मधे पत्र्याचा डबा ठेवला आणि पोरांना, बायांना, म्हाताऱ्यांना म्हणाली, “खावा. पर थुकायचं हितं. एक बी भुईवर पडली तर नाक घासत वेचाय लावीन.” सगळं गाव डब्याभोवती बसून खात होतं. अण्णासुद्धा. डब्यात बी पडल्याचा टण्ण आवाज यायचा आणि पोरं हसायची. कुणाच्या तोंडातली बी कुणाची, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. आज जो डोंगर लोक बघायला येतात तो त्या डब्यातून आला आहे.

पुढच्या वर्षी हस्त कोरडा गेला.

आमच्याकडं ज्वारी हस्ताच्या भरवशावर पेरतात. रानं तयार करून माणसं आभाळाकडं बघत बसली. मावशीनं तिच्या तुकड्याला तीनदा कुळव घातला होता. माती अशी बसवली होती की पाय ठेवायला संकोच वाटावा. बियाण्याचं गाडगं राखेत ठेवलेलं होतं. पाऊस आला नाही. तिच्या रानात पेर झाली नाही. माझ्या वडिलांच्या रानातही झाली नाही. अण्णांच्याही नाही. चारी बाजूंना रान कसं उघडं, गप्प पडलं होतं.

नेमका तेव्हाच तालुक्याहून कागद आला. गायरानातला कुठला तुकडा कसलेला आणि कुठला पडीक, याची यादी गावाकडून हवी होती. पडीक ठरेल ते आमच्या वृक्ष संस्थेला झाडांसाठी मिळणार होतं. कसलेलं ठरेल त्याला कसणाऱ्याचं नाव लागण्याची वाट मोकळी होणार होती. यादी संस्थेच्या सचिवानं, म्हणजे मी करायची होती.

मी अण्णांकडं गेलो. ते ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

“चांगुणामावशीचा तुकडा कसलेला लिहितो.”

“लिही की. मग उद्या आणखी दहाजण उभे राहतील, आमचाही कसलेला म्हणून. झाडं काय आभाळात लावायची?”

“पण ती कसते, अण्णा. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“आरं बाबा, तिचं वाईट व्हावं असं मला वाटतंय का? तिला संस्थेची सभासद करू. डोंगर सगळ्यांचा, तिचाबी. आणि खोटं कुठं लिहायचंय? जाऊन बघ. पेर हाय का रानात?”

मी गेलो. दुपार होती. रानात पेर नव्हती. कुळवाच्या रेघा होत्या, सरळ, एकीला एक लागून, जशा शाळेच्या पाटीवर पहिल्या दिवशी आखतात.  मग बांधावर बसून, मांडीवर वही घेऊन, माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: पडीक.

अण्णांना मी दोष देत नाही. ते वारले, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. लेखणी माझ्या हातात होती.

पडीक. हा शब्द मी पुढं खूप वेळा उलटून पालटून पाहिला आहे. त्या वर्षी आमच्या वडिलांचं रान उघडं होतं तेव्हा घरात म्हणायचे, यंदा पेर चुकली. अण्णांचं रान उघडं होतं तेव्हा लोक म्हणायचे, हस्तानं दगा दिला. उघडं सगळंच होतं. पडीक मात्र एकटीचं झालं. ज्याचं नाव कागदावर आहे त्याचं रान विसावा घेतं, वाट बघतं, दम धरतं. ज्याचं नाव नाही त्याचं पडीक असतं. मी मराठी घेऊन बी. ए. झालो होतो. शब्दांचे अर्थ मला पाठ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या ओट्याशी आली. हातात एक सीताफळ. त्या वर्षी झाडाला चार-पाचच लागली होती.

“लिवलं का रं माझं रान?”

“लिहिलं, मावशी.”

मी खोटं बोललो नाही. तिचं रान लिहिलं होतंच. काय म्हणून लिहिलं ते तिनं विचारलं नाही, कारण मला विचारायची तिला गरज वाटली नाही. वाचता तिला येत नव्हतं. मला येत होतं, आणि तिला तेवढं पुरेसं होतं.

“लई झालं बग,” ती म्हणाली. “त्यो असता तर...” आणि पदरानं तोंड पुसून तिनं फळ माझ्या हातात ठेवलं. “डोळा उगडलाय. आत्ताच्या आत्ता खा. म्होरं खा माज्या.”

मी खाल्लं. ती समोर उभी राहून बघत होती, आई बघते तशी. बिया मी मुठीत धरल्या. फळ गोड होतं. ते कडू लागलं, गळ्याखाली उतरलं नाही, असं काही लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. फार गोड होतं. मी बोटंसुद्धा चाटली.

माघात खड्डे आखायला घेतले. पहिल्या सोमवारी ती नेहमीसारखी टिकाव घेऊन आली, डोक्याला फडकं बांधून. तिच्या तुकड्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. कुळवाच्या रेघा एकीकडून जात होत्या, फक्कीच्या त्यांना आडव्या. ती वाकून बघत राहिली. मग माझ्याकडं आली. भोवती पंधरा-वीस माणसं होती, आणि सगळ्यांचे हात थांबले होते.

“साहेब, हितंबी खड्डे हायत का तुमचे?”

तुमचे. साहेब. एका वाक्यात तिनं मला जिथून उचललं होतं तिथं परत नेऊन ठेवलं.

“मावशी, यादीत...”

“माजं रान लिवलं म्हणला हुता तुमी.”

“लिहिलं होतं.”

“काय म्हणून?”

 कुणीतरी मागून सांगितलं, “पडीक म्हणून.”

तिनं तो शब्द तोंडात घोळवला, खड्याचा घास आल्यासारखा. मग हसली. ते हसू मला अजून ऐकू येतं. “पडला न्हाय त्यो पाऊस, आन पडीक म्हनं माजं रान!”

अण्णा पुढं झाले. सभासद करतो म्हणाले, झाडं सगळ्यांची म्हणाले. ती त्यांचं सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, “समद्यांचं म्हंजे कुनाचं, अण्णा? समद्यांत आमी कवा आलो? आन कवा भाईर झालो? तेवडं सांगा, मग आंगटा देते.”

 तिनं टिकाव खांद्यावर टाकला आणि खाली उतरली. जाताना तिच्या तालातला एक निसटलेला दगड दिसला, तर वाकून तो तिनं नीट बसवला. लांबडं अंग आत. मग गेली.

महिन्याभरात ती मुलीला घेऊन मुरुमकडं भावाच्या गावी निघून गेली. दुसऱ्यांच्या रानात रोजानं. आम्ही खड्डे घेतले, रोपं लावली, गाडग्यांनी पाणी घातलं. झाडं जगली. तिच्या तुकड्यातली सगळ्यात आधी धरली, कारण माती तिथंच होती. नऊ-दहा वर्षांनी कुणीतरी स्टँडवर सहज सांगितलं, तुमची ती तालवाली बाई वारली. मी ‘हो का’ म्हणालो आणि एसटीत चढलो. आमच्या डोंगराचं नाव तेव्हा व्हायला लागलं होतं. पहिल्या सत्काराला रबडी होती. तिथंच मी पहिल्यांदा म्हणालो, मला साखर आहे.

गेल्या आश्विनात मुरुमजवळच्या एका शाळेची सहल आली. सातवीच्या पोरी, दोन शिक्षिका. मी नेहमीप्रमाणं पुढं. एका पोरीनं विचारलं, “सर, इथं आधी काय होतं?”

“काही नव्हतं बाळ,” मी म्हणालो. इतक्या वर्षांची सवय. “सगळं पडीक होतं.”

पोरींनी वहीत लिहून घेतलं. मी बघत होतो, बारीक, गोल अक्षरात तो शब्द वीस वह्यांत उतरत होता.

पोरी डबे उघडून बसल्यावर एक शिक्षिका माझ्याजवळ आली. चाळिशीकडं झुकलेली, साधी सुती साडी. खाली तालाकडं बघत म्हणाली, “सर, हा ताल माझ्या आईनं घातलाय.”

मी तिच्याकडं पाहिलं. कमरेवर हात ठेवून उभी राहायची ढब तीच होती.

“संगीता,” मी म्हणालो.

“नाव लक्षात आहे तुमच्या.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर धरायला काही मिळालं असतं. “आईचं झाड कुठलं?”

मी दाखवलं. म्हातारं झालंय, निम्मं वाळलंय, पण आहे. तिनं खोडाला हात लावला. खाली पडलेलं एक फळ उचललं, फोडलं, अर्धं माझ्यापुढं धरलं.

“मला साखर आहे,” मी म्हणालो. चांगुणामावशीच्या लेकीलासुद्धा.

ती एकटीच खात राहिली. बिया रुमालात बांधल्या. मग म्हणाली, “जमिनीचं मी काही बोलत नाही, सर. मला नोकरी आहे, घर आहे. पण आई शेवटच्या दुखण्यात एकच म्हणायची. माझं रान पडीक नव्हतं, कुणीतरी एकदा लिहून द्या गं. मी शिक्षक झाले, मी कितीदा लिहून दाखवलं तिला. म्हणायची, तुझं नको. ज्यानं लिवलं त्याचं पायजे.” रुमालाची गाठ घट्ट करत म्हणाली, “द्याल?”

“देतो,” मी म्हणालो.

त्याला वर्ष झालं. मधे एकदा कागद खिशात घालून मुरुमला गेलो. स्टँडवर उतरलो, बाकावर बसलो, आणि परतीच्या गाडीनं तसाच आलो. कागद कोराच होता. लिहायला घेतलं की मला कारणं सुचतात: हस्त कोरडा गेला होता, अण्णा म्हणाले होते, झाडं तर जगली. ती सगळी खरी आहेत. खरं लिहून खोटं बोलायची विद्या मला त्या बांधावरच आली होती.

आता पुन्हा आश्विन आहे. सकाळी दारात कुणीतरी सीताफळांची पाटी ठेवून गेलं आहे. वरच्या फळाचा डोळा उघडलेला आहे. मी अजून हात लावलेला नाही.

हा लेख म्हणजे ते लिहून देणं नव्हे. लेखाला कुणी विचारत नाही, आणि यात मी स्वतःचंच जास्त सांगितलं आहे. द्यायचा आहे तो एक साधा कागद, त्याच अक्षरात, खाली माझी सही, आणि ग्रामसभेत उभं राहून मोठ्यानं वाचलेला: गायरानातला ताल क्रमांक चारच्या वरचा अडीच एकरांचा तुकडा चांगुणाबाई कसत होत्या, तो पडीक नव्हता, पडीक हे मी लिहिलं. तेवढं वाचून तो कागद मुरुमला संगीताच्या हातात नेऊन द्यायचा आहे. मी अजून तो लिहिलेला नाही, आणि तो मी देणं लागतो.